घर दोघांचं: रोजनिशीतील पाने

२३ एप्रिल २०२५, बुधवार

१ मेच्या ग्रामसभेची नोटीस लागली. पाणीटंचाई, पंधराव्या वित्त आयोगाचा खर्च, थकीत घरपट्टी आणि खालून दुसरा माझा विषय: प्रत्येक घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावावर करणे. ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले, "ताई, हा २००३ चाच शासन निर्णय आहे." इतकी वर्षं तो कपाटात आहे, म्हणूनच सभेपुढे आणायचा.

२४ एप्रिल, गुरुवार

पंचायत राज दिन. १९९३ साली याच तारखेला ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली. बायकांना एकतृतीयांश जागा मिळाल्या, २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या. त्याशिवाय मी ग्रामपंचायत सदस्य झालेच नसते.

दुपारी नमुना ८ ची, म्हणजे घरांच्या करआकारणीची नोंदवही घेऊन बसले. पानामागून पान पुरुषांचीच नावं. बाईचं नाव दिसतं ते नवरा वारला आणि मुलं लहान आहेत तिथे, नाहीतर घरकुल मिळालंय तिथे. चालत्या संसारातल्या बाईचं नाव जवळपास नाहीच. यातल्या कितीतरी घरांच्या विटा बायकांनी डोक्यावरून वाहिलेल्या मी पाहिल्या आहेत.

कायद्यानं नमुना ८ हा मालकीचा पुरावा नाही, करआकारणीची नोंद आहे. पण वीजमीटर असो, कर्ज असो की भावकीचं भांडण, खेड्यात हाच उतारा पुढे करावा लागतो. आता ड्रोननं गावठाणं मोजून सनदा देताहेत. ती स्वामित्व योजनाही २४ एप्रिललाच, २०२० साली सुरू झाली. मोजणीच्या चौकशीत पंचायतीचं दप्तर बघतात. या वहीत नसलेलं नाव सनदेवर येणार कुठून?

२८ एप्रिल, सोमवार

वस्तीवरची एक सून दाखल्यासाठी पुन्हा आली. नवरा थंडीत गेला, मृत्यूचा दाखला अजून नाही. तो नाशिकच्या दवाखान्यात वारला आणि मृत्यू जिथे होतो तिथेच त्याची नोंद होते, राहत्या गावी नाही. ही साधी गोष्ट तिला पहिल्या खेपेलाच समजावून सांगायला हवी होती. दर वेळी रोज बुडवून येते बिचारी. कुठल्या कार्यालयात जायचं, सोबत कोणते कागद न्यायचे, सगळं लिहून दिलं. माझा पुतण्या तिच्याबरोबर जाईल.

२०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आजच्याच तारखेला लागू झाला. कोणती सेवा, फी किती, मुदत किती, अपील कुणाकडे, हे फलकावर लिहिणं बंधनकारक आहे. आमचा फलक आहे, पण त्याचा खालचा भाग कपाटामागे गेला होता आणि अपिलाची माहिती नेमकी तिथेच. शिपाईदादांना घेऊन कपाट हलवलं.

२९ एप्रिल, मंगळवार

महिला ग्रामसभा. उद्या आखाजी असूनही देवळाचा सभामंडप भरला. पाण्यावर सगळ्या एकदम बोलल्या. नळ अकराला सुटतो, तेव्हा घरात कुणी नसतं, सगळ्या कांद्यात. नळ सकाळी सहाला सोडावा, असं ठरलं.

घराच्या विषयावर मात्र गप्प. मग एक नवी सून म्हणाली, "नाव लावा म्हटलं तर ते म्हणतील, तुझा माझ्यावर भरवसा नाही का?"

उत्तर थोरल्या आत्यांनी दिलं. १९८६ साली आपल्या चांदवडलाच शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं होतं. पुढे शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची, म्हणजे जमीन बायकोच्या नावावर करण्याची हाक दिली, तेव्हा आत्यांच्या मालकांनी दोन एकर त्यांच्या नावावर केलं. "संसार काही मोडला नाही आमचा. उलट मला विचारल्याबिगर त्या रानावर कधी कर्ज निघालं नाही." मी दहा भाषणं केली असती तरी एवढं काम झालं नसतं.

१ मे, गुरुवार

झेंडावंदन झालं आणि निम्मी माणसं पांगली. कोरमला मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यांतलं जे कमी असेल तेवढी माणसं लागतात. तहकूब सभेला कोरमच लागत नाही आणि अवघड विषय तिथे पाचदहा माणसांत उरकले जातात. मला तसं नको होतं. बायका कांद्याच्या चाळीवरून तशाच आल्या, तेव्हा कोरम भरला.

"उद्या बाई घर विकून माहेरी गेली तर?" एका काकांनी विचारलं. मी म्हटलं, "काका, दोघांची नावं असली तर एकट्यानं परस्पर घर विकणं कुणालाच सोपं राहत नाही. दारूच्या उधारीतही घर सहज जाणार नाही." मागून दोघीतिघी म्हणाल्या, "खरंय." सरपंचताईंनी स्वतःच्या घरापासून सुरुवात करते म्हणून जाहीर केलं. बोलणं तिथेच फिरलं.

"चर्चा झाली" एवढंच इतिवृत्तात येऊ नये म्हणून सूचक, अनुमोदक आणि तीन महिन्यांची मुदत घालून ठराव तिथेच लिहायला लावला, मोठ्यानं वाचून घेतला, मग सह्या. सहाच्या नळाचाही ठराव झाला.

५ मे, सोमवार

अर्ज येऊ लागलेत. काहीजण थकलेली घरपट्टीही भरून जाताहेत.

वस्तीवरच्या सुनेला दाखला मिळाला. आता वारस नोंदीचा अर्ज. दीर हरकत घेईल असं कानावर आलंय. हरकतीचा निकाल मासिक सभेत लागेल. त्याआधी तिच्या सासूबाईंशी बोलायला हवं. घर त्यांच्या मालकांनी बांधलेलं आणि उताऱ्यावर नाव त्यांचंही नाही. उद्या संध्याकाळी जाते. अर्ज दोघींचा मिळून करता येतो का, ते सकाळी भाऊसाहेबांना विचारून घेईन.