आमची माफी कोणी मागितली?



आर्वीकडच्या एका अभ्यासिकेत मी पोरांना ऑस्ट्रेलियाची गोष्ट सांगत होतो. तिथल्या आदिवासींची लेकरं सरकारनं आईबापांपासून तोडून संस्थांत आणि गोऱ्यांच्या घरांत ठेवली. १९९७ च्या चौकशी अहवालानं १९१० ते १९७० या काळात दहातलं एक ते तिनातलं एक मूल असं हिरावलं गेल्याचा अंदाज दिला. १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केविन रुड यांनी संसदेत माफी मागितली.

मागे बसलेला पारधी बेड्यावरचा एक पोरगा म्हणाला, "दादा, आमची माफी कोणी मागितली?"

मी गप्प झालो. कारण तेच आपल्याकडंही कायद्यात लिहिलेलं होतं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. पुढं १९११ आणि १९२४ च्या कायद्यांत कलम १७ आलं. सहा वर्षांवरच्या आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना आईबापांपासून वेगळं करून सुधारशाळेत टाकायचा अधिकार सरकारला मिळाला. मुलानं काही केलेलं असण्याची गरज नव्हती, जात पुरेशी होती. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारांच्या कुंपणाआड माणसं ठेवली, हजेरी घेतली, गिरणीत राबवली.

ऑस्ट्रेलियात वंशाचं नाव पुढं केलं, इथं जातीचं. जन्मावरून माणूस ठरवायचा हाच तर मनूचा नियम! इंग्रजांनी त्याला फक्त कलम नंबर दिला. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला, पण सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि चोरी झाली की पोलीस आजही आधी बेड्यावरच जातात.

बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स'च्या प्रस्तावनेत अस्पृश्य, आदिवासी आणि गुन्हेगार ठरवलेल्या जमाती या तिघांना एकाच व्यवस्थेची लेकरं म्हणून शेजारी ठेवलं. आपण मात्र वेगळे बसलो. १४ एप्रिलला मिरवणूक, ६ डिसेंबरला अभिवादन, ३१ ऑगस्टला काय? मी इतकी वर्षं चळवळीत आहे, पण विमुक्त दिनाला बेड्यावर एकदाही गेलो नव्हतो. ही चूक माझीच.

सरकारनं संसदेत माफी मागावी, ही मागणी आपण लावून धरू. पण त्याआधी येत्या ३१ ऑगस्टला आपल्या विहारात बेड्यावरच्या माणसांना बोलवा. भाषण त्यांना करू द्या, आपण सतरंजीवर बसून ऐकू.