नेमाचा आधार

वडगाव हा विणकरांचा भाग. बेळगावच्या दक्षिणेला शहापूर-खासबागच्या शेजारी वसलेल्या आमच्या या वस्तीत दिवस बरे आहेत की वाईट, हे यंत्रमागाच्या आवाजावरून कळतं. सुताचा भाव चढला, साडीला उठाव नसला की माग थांबतो. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. 2020 च्या टाळेबंदीने तर हातावर पोट असलेल्या घरांचा कणाच मोडला. अशा ठिकाणी राहून ‘देव संकटात धावून येतो’ असं म्हणायचं, तर ते जबाबदारीने म्हणायला हवं. मी माळकरी आहे आणि त्या म्हणण्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण इतक्या वर्षांच्या अनुभवातून मला दिसतं ते असं, की देवाची मदत बहुधा आपण आधीच स्वीकारलेल्या बंधनाच्या वाटेने येते. बऱ्या दिवसांत घेतलेला नेम वाईट दिवसांत माणसाला धरून ठेवतो.

गळ्यात तुळशीची माळ घालणं हा जन्माचा करार आहे. एकादशी धरायची, आषाढी-कार्तिकीची वारी करायची, हरिपाठ म्हणायचा, दारू आणि मांस सोडायचं. बदल्यात अमुक मिळावं, अशी अट त्यात नसते. नवसात ती असते. नवस बोलणाऱ्यांना मी कमी लेखत नाही. आषाढात आमच्या मंगाईच्या यात्रेला येणाऱ्या आईची कळकळ खरीच असते. पण नवस संकटाबरोबर सुरू होतो आणि फेडला की संपतो. नेम संकटाच्या आधीपासून असतो. म्हणून माग बंद पडलेल्या माणसालाही सकाळी उठून आंघोळ करायला कारण उरतं, त्याचे पाय गुत्त्याकडे वळत नाहीत आणि संध्याकाळी हरिपाठाला तो दिसला नाही तर कोणीतरी त्याच्या घरी जाऊन चौकशी करतं. ही मदत गाजावाजा न करता येते, पण घर उभं राहतं ते तिच्यावरच.

याचा मोठा दाखला आमच्याच जिल्ह्याशी जोडलेला आहे. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीपुढे धावणारे अश्व चिकोडी तालुक्यातल्या अंकलीहून, शितोळे सरकारांकडून आळंदीला जातात. हा सोहळा 1832 च्या सुमारास सुरू केला तो हैबतबाबा आरफळकरांनी. ते शिंद्यांच्या पदरी होते. परंपरा सांगते, की सातपुड्यात भिल्लांनी त्यांना कोंडून ठेवलं, तिथे त्यांनी हरिपाठ चालू ठेवला आणि सुटका झाल्यावर उरलेलं आयुष्य माउलींना वाहिलं. सुटकेची कथा कोणी मानो वा न मानो. पुढचं मात्र डोळ्यांसमोर आहे. एका माणसाने शब्द दिला, अंकलीकरांनी त्याला साथ दिली, आणि जवळजवळ दोन शतकं लाखो माणसं त्या वाटेने चालत आली. 2020 मध्ये पायी सोहळा झाला नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, तरी घरोघरच्या वारकऱ्यांनी एकादशी सोडली नाही. वाट बंद झाली तरी करार टिकला.

यावर सर्वांत कठीण आक्षेप असा, की भक्तांचीही घरं उद्ध्वस्त होतात. तो खरा आहे. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांचा व्यापार बुडाला, पत्नी आणि मुलगा गेले. त्यांच्या घराण्यात विठ्ठलाची वारी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती, तरी मरण टळलं नाही. तेव्हा नेम म्हणजे विमा, असं कोणी सांगत असेल तर ते नाकारलंच पाहिजे. पण त्याच तुकोबांनी, परंपरेनुसार, आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडून दिली. सर्वस्व गमावलेला माणूस दुसऱ्याचं देणं माफ करतो, हे बळ दुष्काळाने दिलं नव्हतं. देवाची मदत मला तिथे दिसते.

दुसरे म्हणतात, हे सारं शिस्तीचं आणि सोबतीचं फळ आहे, त्यात देव कशाला? शिस्त आणि सोबत लागतेच, हे मला मान्य आहे. पण स्वतःशी केलेल्या निश्चयात बांधणारा आणि सोडणारा एकच असतो. मन खचलं की तो स्वतःलाच सूट देतो. ज्याला शब्द दिला तो आपल्याबाहेर आहे, ऐकतो आहे आणि आपल्याला सोडणार नाही, या खात्रीने तोच शब्द अंधारातही निभावतो. ही खात्री वजा केली तर उरलेली शिस्त किती दिवस पुरेल, याची मला शंका आहे. आजारपणात उपास मोडला म्हणून करार मोडत नाही, हेही त्या खात्रीमुळेच कळतं.

आणि श्रद्धा माणसाला गप्प बसवते, असं म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे, की विणकराने वाजवी मजुरी मागावी, कर्जात सवलत मागावी, सरकारचं दार ठोठावावं. हरिपाठ त्याच्या आड येत नाही. उलट पुन्हा पुन्हा दार ठोठावायला लागणारा धीर तोच पुरवतो. म्हणून तरुण विणकरांना मी कळवळून सांगतो: माग चालू आहे तोवरच एखादा नेम घ्या. आणि माग आधीच थांबला असेल, तर झेपेल एवढा लहान नेम आजच घ्या, पण एकट्याने घेऊ नका.