सातदेवे, सहादेवे

आश्रमशाळेत नवा पोरगा आला की मास्तर त्याचा दाखला बघत आणि स्वयंपाकघरातली आत्या त्याचं आडनाव विचारी. "कोन गा तू? मेश्राम? मंग सातदेवे." झालं, पोराला शाळेत भाऊ मिळाले, सोयरे मिळाले. गोंडांत आडनावावरून देव मोजतात: चार, पाच, सहा, सात. सारख्या देवांचे ते भाऊबंद, त्यांच्यात लग्न नाही. वेगळ्या देवांचे ते सोयरे, त्यांची थट्टा करायला मोकळीक.

मी खेळ शिकवायचो. कबड्डीच्या बाजू पाडताना उंची-वजन बघे. आत्या वरणाचा गंज उतरवून, पदराला हात पुसत ओट्यावर येई आणि माझ्या बाजू मोडी. आत्राम सहादेवे, ते इकडे, मेश्राम तिकडे. भावाभावांत काय झोंबायचं, सोयऱ्याला धरा! आणि खरंच, पोरं अशी जीव खाऊन खेळत, की माझ्या शिट्टीला कुणी विचारत नसे. पौष अमावास्येच्या सुमारास मेश्रामांची पोरं हमखास गैरहजर. केस्लापूरला नागोबा, त्याच्या पूजेचा मान मेश्रामांचा. गोदावरीचं पाणी पायी आणायचं. हजेरीपटावर मी लाल शाई लावी, आत्या माझ्याकडे बघून मान हलवी.

टेनिसपटू मोनिका सेलेसचे सामने टीव्हीवर लागत तेव्हा आडनावाचं हे मला फारसं सुचलं नव्हतं. ती नोवी सादची, युगोस्लाव्हियातल्या हंगेरियन घरातली. घरच्या भाषेत आडनाव आधी: सेलेश मोनिका. जगाच्या धावफलकावर ते मागे गेलं आणि अमेरिकन उच्चारात बसलं. तिच्या गावी ते ऐकून घराणं ओळखणारी एखादी म्हातारी असेलच, असं आता वाटतं.

आत्या गेली. मागून, मे २०१८ मध्ये, बोर्डा, देवाडा, जिवतीच्या आश्रमशाळांतली पोरं एव्हरेस्ट चढली. मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काठमोडे, विकास सोयाम. पेपरांनी मथळे दिले 'आदिवासी विद्यार्थी'. अभिमान वाटलाच, का नाही वाटणार? पण आत्याने त्या यादीतून आधी भाचा कोण, मेव्हणा कोण हे काढलं असतं, आणि शिखराची उंची नंतर विचारली असती.

हल्ली देव आठवतात ते जात पडताळणीच्या वेळी. समितीसमोर कुळ, दैवत, चालीरीती विचारतात. पोरं ती सनावळीसारखी पाठ करून जातात. खेळाच्या कोट्यातून नोकरीला लागू पाहणारा एक जुना विद्यार्थी परवा फोनवर म्हणाला, "सर, आम्ही कितीदेवे?" घरी आजी आहे का, मी विचारलं. आजी नव्हती. वडील होते, ते म्हणाले होते, सरांना विचार.