मिसळ आणि मात्रा

मुलगी बारावी पास झाली म्हणून रविवारी सहकुटुंब नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांवर गेलो. पायऱ्या चढताना मला धाप लागली. वजन आणि साखर कमी करा, असे डॉक्टरांनी बजावले होतेच. उतरल्यावर मुलीने मिसळीचा हट्ट धरला.

नाशिकची मिसळ म्हणजे मोड आलेली मटकी, फरसाण, रस्सा, पाव, पापड, दही. मटकी पौष्टिकच, वजन वाढते ते तर्रीच्या तेलाने, तळलेल्या फरसाणाने आणि पावावर पाव खाल्ल्याने. बालपण अर्धपोटी गेल्याने ताटात अन्न टाकणे माझ्या जिवावर येते. म्हणून आधीच सांगितले : फरसाण थोडे, तर्री वेगळ्या वाटीत, पाव एकच.

वेटरने आणखी पाव पुढे केले तेव्हा हात गेलाच. मुलगी म्हणाली, "पप्पा, प्रसेनजित राजा!"

कोसलचा हा राजा भरपेट जेवून धापा टाकीत तथागतांकडे आला. त्यांनी मात्रा ओळखून जेवण्याची गाथा सांगितली. एक तरुण ती राजाच्या जेवणाच्या वेळी म्हणू लागला. आहार हळूहळू घटला, राजाचे अंग हलके झाले.

मी हात मागे घेतला. मिसळ मात्र चाटूनपुसून खाल्ली. वाचकहो, हॉटेलात जरूर जा, पण घरातले कुणीतरी टोकणारे सोबत न्या!