दिवाळीनंतरचे रिकामे बाक

आम्ही नवरा-बायको दोघेही शिक्षक. मूळचे मालेगावचे, नोकरीनिमित्त सुरगाण्यात स्थायिक झालो. तालुका आदिवासी. पावसाळ्यात भात, नागली, वरई पिकते; दिवाळीनंतर हाताला काम उरत नाही. मग घरेच्या घरे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे निघतात आणि वर्गातले बाक रिकामे होतात.

गेल्या वर्षी ‘स्थलांतर’ शिकवताना आम्ही १९४७ची फाळणी सांगितली, आखाती देशांत गेलेले लोक सांगितले. मुले गप्पच. शेवटी विचारले, “तुमच्यापैकी कुणी गाव सोडून राहिलंय का?” जवळजवळ निम्मे हात वर झाले.

एक मुलगी उठली. तीन महिने पिंपळगावकडे होती. घडांची विरळणी कशी करतात, डिपिंग कधी होते, सारे तिने सांगितले. दिवसभर धाकट्या भावाला सांभाळायची. “तिथल्या शाळेत नाही गेलीस?” ती म्हणाली, “आम्ही बाहेरचे ना, गुरुजी.” याच मुलीला परत आल्यावर आम्ही गैरहजेरीबद्दल सर्वांसमोर बोललो होतो.

त्या रात्री घरात फारसे बोलणे झाले नाही. ‘बाहेरचे’ हा शब्द आम्हाला नवा नव्हता. १८५७ नंतर उत्तर प्रदेशातून विणकर मोमीन कुटुंबे मालेगावला आली, त्यांत आमचेही पूर्वज होते. परक्या गावात त्यांनी हातमाग मांडले. आज त्याच गावाची ओळख यंत्रमागावर आहे. आलेले लोक गावावर नुसता भार टाकत नाहीत, गाव उभेही करतात, हे आम्ही घरात ऐकत आलो. वर्गात सांगायचे मात्र विसरलो.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोन रकाने आखले. ‘सोडलेले गाव’ यात मुलांनी लिहिले: म्हातारी माणसे एकटी, बंद घरे, बुडालेली शाळा. ‘गेलेले गाव’ यात लिहिले: वेळेवर छाटणी, भरलेल्या गाड्या, बाजारात गिऱ्हाईक. मग मदीनेची गोष्ट सांगितली. मक्का सोडून आलेल्या मुहाजिरांना अन्सारांनी भाऊ मानले, घरात वाटा दिला. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी मात्र अर्धी मालमत्ता नम्रपणे नाकारली आणि फक्त बाजाराची वाट विचारली. आलेल्याला भीक नको असते, जागा हवी असते.

२००९च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलाला दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क दिला आहे. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रकही मिळते. यंदा दिवाळीपूर्वीच आम्ही पाड्यांवर जाऊन ती पत्रके दिली. काही मुले आजीजवळ राहिली. ती मुलगी गेलीच. भावाला सांभाळायला दुसरे कोणी नव्हते. पत्रक तिच्या दप्तरात आहे. तिथल्या शाळेत आम्ही फोन करून ठेवला आहे.

द्राक्षांच्या गावी राहणाऱ्या आमच्या वाचक बंधू-भगिनींना एकच विनंती: बागेच्या बांधावर एखादे मूल दिसले, तर त्याला शाळेची वाट दाखवा.