कागदावरचा दहा

आमच्या लहानपणी कोल्हापुरात बंदूक म्हटलं की दोनच गोष्टी आठवायच्या: महाराजांच्या शिकारीचे किस्से आणि जोतिबाच्या यात्रेतला फुगे फोडायचा स्टॉल. दाजीपूरचं रान संस्थानच्या शिकारीसाठी राखलेलं, शाहू महाराजांच्या पाळीव चित्त्यांच्या गोष्टी म्हातारी माणसं रंगवून सांगायची. खेळ मात्र दोनच, तालमीतली कुस्ती आणि पेठापेठांतला फुटबॉल. जाड जाकीट घालून एका जागी उभं राहायचं, श्वास धरायचा आणि छर्रा मारायचा, ह्यात कसला खेळ, असं कट्ट्यावर सरळ विचारलं जायचं. घाम गाळला नाही तर कोल्हापूरकराला तो खेळ वाटतच नसे.

अशा गावात तेजस्विनी सावंत जयसिंग कुसाळे सरांकडे रायफल शिकली. तेव्हा सराव कागदावर चाले. दहा मीटरवरचा कागद मागे ओढून आणायचा, भोक बघायचं, नवा लावायचा. एअर रायफलच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो. छर्रा त्याहून कितीतरी जाड, त्यामुळे मधोमध दहा लागला की ठिपका नाहीसाच होतो! कागद हाती येईपर्यंत गोळी कुठे गेली असेल हे नेमबाजानं मनाशी ठरवायचं आणि मग पडताळायचं. त्या पडताळण्यात निम्मं शिक्षण होतं, असं मला अजून वाटतं. आता गोळी सुटते न सुटते तोच शेजारच्या पडद्यावर आकडा उमटतो. सोय मोठी, पण पोरांची नजर सारखी त्या पडद्याकडे. शिवाय चांगल्या मालिकेचा कागद घडी घालून घरी नेता यायचा, पडदा कुठला नेणार!

गुणांची गंमतही बदलली. पूर्वी पात्रता फेरीत दहा म्हणजे दहा. 2013 पासून एअर रायफलला तिथंही दशांश मोजतात, म्हणून 10.1 आणि 10.9 यांत आता जमीन-अस्मानाचा फरक. मुलींना 40 गोळ्या आणि मुलांना 60, हा भेद 2018 पासून गेला. हे फार आधी व्हायला हवं होतं.

2006 साली मेलबर्नच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तेजस्विनीनं दोन सुवर्णपदकं घेतली आणि गावाचा सूर पालटला. तिच्याच उषाराजे हायस्कूलमधली राही सरनोबत पिस्तुलाकडे वळली. 2018 च्या आशियाई स्पर्धेत थायलंडच्या मुलीशी 34-34 अशी बरोबरी, मग दोनदा शूट-ऑफ आणि राहीचं सुवर्ण. आशियाई सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज. मग 2024 मध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, रेल्वेतला टीसी, पॅरिस ऑलिंपिकला 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून नेम धरायच्या प्रकारात, पात्रता फेरीत सातवा आला आणि अंतिम फेरीत 451.4 गुणांनी कांस्य घेऊन परतला. 1952 च्या हेलसिंकीत कांस्य मिळवणारे खाशाबा जाधव कोल्हापुरातच शिकले, घडले. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला ऑलिंपिकचं वैयक्तिक पदक मिळायला 72 वर्षं लागली, आणि ते आणलं दाजीपूरच्या, शिकारीच्या जुन्या रानाकडच्या पोरानं. रांगड्या गावाला याहून गोड चिमटा नाही.

आज आईबाप मुलांना घेऊन रेंजवर येतात आणि पहिलाच प्रश्न विचारतात, ऑलिंपिकला किती वर्षं लागतील? पूर्वी प्रश्न असायचा, रायफल कोण देईल? दुसरा प्रश्न अजून सुटलेला नाही, फक्त कमी घरांत विचारला जातो. स्वप्नीलच्या वडिलांनी गोळ्यांसाठी कर्ज काढलं, हे पदकानंतर सगळ्या वर्तमानपत्रांनी छापलं. पदकाआधी छापलं असतं तर उपयोग झाला असता.

माझ्या लेखी मात्र कोल्हापूरच्या नेमबाजीतली सर्वांत मोठी कामगिरी ऑगस्ट 2010 ची आहे. म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत तेजस्विनीनं 50 मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून, 600 पैकी 597 मारले, विश्वविक्रमाशी बरोबरी केली आणि नेमबाजीत जगज्जेती झालेली पहिली भारतीय महिला ठरली. महिलांची प्रोन ऑलिंपिकमध्ये कधी खेळवलीच गेली नाही. त्यामुळे तिला थ्री पोझिशनच्या वाटेनं टोकियो गाठावं लागलं. तेव्हा ती 40 वर्षांची होती.