पगार, हप्ता आणि स्वाभिमान

'आजच्या पोरांचे कामात मन नाही, त्यांना फक्त पैसा, मोबाईल आणि गाडी हवी,' अशी तक्रार कंपन्यांचे साहेब करतात. आता आपल्यातले शिकलेले लोकही ती करू लागले आहेत. वस्तीत तरुणांसोबत काम करणारे आम्ही या तक्रारीशी अर्धेच सहमत आहोत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. पैसा हवा असणे म्हणजे चंगळवाद नव्हे. ज्यांच्या आज्या-पणज्याला रोख मजुरीऐवजी शिळी भाकर मिळाली, त्यांनी वेळेवर पूर्ण पगार मागणे हा मुक्तीचाच भाग आहे. मुंबईच्या गिरण्यांत कांडी बदलताना धागा तोंडाने ओढावा लागे. विटाळाच्या भीतीने अस्पृश्य कामगारांना जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात घेत नसत. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. तो पैशाचा प्रश्न होता, तसाच माणुसकीचाही.

मन का लागत नाही, याचे उत्तरही बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये दिले आहे. जन्माने लादलेल्या कामात माणूस जीव ओतत नाही, म्हणून जात ही आर्थिकदृष्ट्याही घातक आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यानंतर ५४ वर्षांनी, १९९० मध्ये, विल्यम कान या अमेरिकन अभ्यासकाने कामात मन गुंतण्यासाठी तीन गोष्टी सांगितल्या: कामाला अर्थ हवा, मोकळेपणाने वागण्याची सुरक्षितता हवी आणि अंगात त्राण हवे. आता सांगा, कँटीनमध्ये 'पूर्ण नाव काय?' असे विचारून ज्याची जात काढली जाते, जो ठेकेदाराकडे बारा-बारा तास राबतो, त्याला यातले काय मिळते?

पण उरलेली अर्धी गोष्ट आपल्याला टोचणारी आहे. कामावर जो मान मिळत नाही, तो आपली पोरे दुकानात विकत घ्यायला जातात. महागडा फोन, नवी बाईक, सगळे हप्त्यावर. टिम कॅसर आणि रिचर्ड रायन यांनी १९९३ मध्ये दाखवले की जे इतर सगळ्या ध्येयांच्या वर पैशाचे यश ठेवतात, त्यांचे मानसिक स्वास्थ्य तुलनेने कमी असते. आम्हाला वस्तीत त्याच्याही पुढचे दिसते. हप्ता तोंड बंद करतो. सुपरवायझरने जातीवरून टोमणा मारला तरी तक्रार नाही, युनियनच्या कागदावर सही नाही, कारण पाच तारखेला खात्यातून पैसे कापले जाणार असतात. अपमानावर उतारा म्हणून घेतलेली वस्तू अपमान सहन करायला लावते.

'मग बाबासाहेब सूट-बूट घालत नव्हते का?' हा प्रश्न आम्हाला प्रत्येक बैठकीत ऐकू येतो. घालत होते. गुलामीचा पोशाख झुगारण्यासाठी घालत होते. पण त्यांची किंमत सुटावरून ठरली नाही. त्यांनी राजगृहात खास जागा केली, ती पुस्तकांसाठी.

भगवान बुद्धांनीही गरिबीचे गोडवे गायले नाहीत. अनाथपिंडिकाला त्यांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली: कष्टाने आणि न्यायाने मिळवलेले धन असणे, ते उपभोगणे, कर्ज नसणे आणि निर्दोष आचरण. शेवटच्या सुखाच्या सोळाव्या हिश्शाचीही सर पहिल्या तिघांना नाही, असे ते म्हणाले. धनाला नकार नाही, पण कर्जमुक्ती हेही सुख मानले आहे, हे आपण विसरतो.

म्हणून मित्रांनो, पगारासाठी भांडा. पगाराची स्लिप मागा, पीएफ भरला जातो का ते तपासा, ओव्हरटाईमचा दुप्पट दर मागा. पण नवीन हप्त्यावर सही करण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: उद्या साहेबासमोर 'हे चूक आहे' असे म्हणण्याची वेळ आली, तर हा हप्ता मला बोलू देईल का?

जय भीम!